‘फॅट’ल गैरसमज!

जिम लावली की ताटातून पहिली हकालपट्टी तुपाची होते. पण ज्याला आपण सरसकट शत्रू ठरवलंय, त्याच्याशिवाय आपली एक पेशीसुद्धा उभी राहू शकत नाही, हे माहितीये का?

‘नो ऑइल, नो घी, नो शुगर’. जिमचा पहिला आठवडा असाच सुरू होतो ना? वरणभातावरचं तूप बंद, शेंगदाण्याची चटणी बंद. बिस्किटाच्या पाकिटावर ‘झीरो फॅट’ दिसलं की जीव भांड्यात पडतो. आता समजा, शरीरातून खरोखरच सगळं फॅट काढून टाकलं तर काय उरेल? सिक्स पॅक? छे! तुम्हीच उरणार नाही. कारण तुमच्या प्रत्येक पेशीभोवतीचं आवरण मुख्यतः याच घराण्यातल्या रेणूंचं बनलेलं असतं. या घराण्याचं नाव लिपिड, मराठीत मेद. बारावीला दोन मार्कांसाठी पाठ केलेला हा धडा आता जरा नीट वाचूया.

अळवावरचं पाणी

क्षणभंगुर गोष्टीला आपण ‘अळवावरचं पाणी’ म्हणतो. पण ते पाणी पानावर टिकत का नाही? कारण अळूच्या पानावर मेणाचा बारीक थर असतो आणि मेण हे लिपिड आहे. तेल, तूप, मेण, कोलेस्टेरॉल ही सगळी या एकाच घराण्यातली मंडळी. दिसायला वेगवेगळी, पण स्वभाव एकच: पाण्याशी पटत नाही.

यातलं सगळ्यात ओळखीचं लिपिड म्हणजे ट्रायग्लिसराइड. इंग्रजी कॅपिटल ‘ई’ डोळ्यांसमोर आणा. उभी दांडी म्हणजे ग्लिसरॉल आणि तिला जोडलेल्या तीन आडव्या रेघा म्हणजे फॅटी अ‍ॅसिडच्या साखळ्या. स्वयंपाकघरातलं तेल-तूप आणि पोटावरची चरबी, दोन्हींची रचना हीच. एका ग्रॅममध्ये ९ कॅलरी. कर्बोदकं आणि प्रथिनांमध्ये फक्त ४. म्हणजे कमी वजनात जास्त शिदोरी. उंटाच्या मदारीत पाणी असतं असं आपण लहानपणी ऐकतो. प्रत्यक्षात तिथे हीच चरबी साठवलेली असते.

खोबरेल का गोठतं?

थंडीत खोबरेल तेलाची बाटली उन्हात ठेवावी लागते, पण शेजारचं शेंगदाणा तेल मात्र मजेत वाहत असतं. असं का? लोकलचा डबा आठवा. सगळे सरळ उभे राहिले तर खांद्याला खांदा लावून गच्च मावतात. पण मध्येच कुणी पाठीवर भलीमोठी सॅक घेऊन उभा राहिला, की गर्दी विस्कळीत होते. खोबरेलातल्या बहुतेक साखळ्या सरळ असतात, म्हणून त्या एकमेकींना चिकटून घट्ट होतात. हे सॅच्युरेटेड फॅट. शेंगदाणा तेलातल्या बऱ्याच साखळ्यांना मध्येच बाक असतो. ही सॅकवाली मंडळी म्हणजे अनसॅच्युरेटेड फॅट.

वनस्पती तूप करताना तेलात हायड्रोजन मिसळून त्याला मुद्दाम घट्ट केलं जातं. ते काम अर्धवट राहिलं, की काही साखळ्या वेगळ्याच पद्धतीने सरळ होतात. त्या म्हणजे ट्रान्स फॅट, हृदयाच्या दृष्टीने या घराण्यातला खरा खलनायक. आपल्याकडे ‘एफएसएसएआय’ने जानेवारी २०२२ पासून तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा घातली आहे.

दुहेरी चादर

आता ‘ई’मधली एक आडवी रेघ काढा आणि तिथे फॉस्फेटचा गट जोडा. झालं फॉस्फोलिपिड! याचं डोकं पाण्याकडे धावतं आणि शेपट्या पाण्यापासून पळतात. असे असंख्य रेणू पाण्यात आले की आपोआप दोन थरांत उभे राहतात. डोकी बाहेर, शेपट्या आत. हेच पेशीचं आवरण. जाडी जेमतेम ५ ते १० नॅनोमीटर, पण आत काय येणार आणि बाहेर काय जाणार याचा सगळा पहारा इथेच, या चादरीत रुतलेल्या प्रथिनांच्या मदतीने चालतो.

हे दोन थर कळले कसे, याची गोष्ट भारी आहे. १९२५ मध्ये गॉर्टर आणि ग्रेंडेल या दोन डच संशोधकांनी लाल रक्तपेशींमधलं लिपिड वेगळं केलं आणि ते पाण्यावर एकाच थरात पसरवलं. त्याने व्यापलेली जागा पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरली. म्हणजे आवरण दुहेरी! गंमत म्हणजे त्यांच्या हिशेबात दोन चुका होत्या, पण त्यांनी एकमेकींना खाऊन टाकलं आणि उत्तर बरोबर आलं.

करोनाकाळात साबणाने हात धुवा, असं सारखं का सांगत होते, तेही इथेच कळतं. त्या विषाणूचं बाहेरचं आवरण लिपिडचंच. साबण ते फोडतो, की विषाणूचा खेळ खल्लास.

डोक्यातलं फॅट

पाणी वगळलं तर मेंदूच्या वजनातला जवळपास निम्मा वाटा लिपिडचा. अनेक नसांभोवती वायरवरच्या प्लास्टिकसारखं मायलिनचं वेष्टण असतं, तेही बहुतांशी लिपिडच. त्याच्या जोरावर संदेश सेकंदाला १०० मीटरपर्यंतच्या वेगाने धावतात. आणि बदनाम कोलेस्टेरॉल? इस्ट्रोजेन आणि टेस्टोस्टेरॉन त्याच्यापासूनच बनतात. रिपोर्टमधले एलडीएल आणि एचडीएल हे तर रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारे टेम्पो. एलडीएलचे टेम्पो फार झाले, की माल धमन्यांच्या भिंतीत साचतो. भांडण त्या गर्दीशी आहे.

झीरो फॅटचा प्रयोग झालाय

‘फॅट पूर्णच बंद केलं तर?’ या प्रश्नाचं उत्तर १९२९ मध्येच मिळालंय. अमेरिकेत जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने उंदरांना फॅट अजिबात नसलेला आहार दिला. बाकी सगळं व्यवस्थित होतं. तरी उंदरांची वाढ खुंटली, कातडी आणि शेपटी खवल्यांसारखी झाली, मूत्रपिंडं बिघडली आणि शेवटी ते मेले. काही फॅटी अ‍ॅसिड शरीराला स्वतः बनवताच येत नाहीत, ती खावीच लागतात, हे यातून कळलं. ती कुठे मिळतात? तीळ, शेंगदाणे, करडई, अक्रोड आणि आजीच्या जवसाच्या चटणीत!

शिवाय अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं फॅटसोबतच नीट शोषली जातात. गाजराच्या कोशिंबिरीवरची फोडणी नुसती चवीसाठी नसते, ती अशी. आणि मुलींनो, हे खास तुमच्यासाठी. उपाशी राहून, सगळं वगळून वजन झपाट्याने उतरवलं तर पाळी अनियमित होऊ शकते, बंदही पडू शकते. शरीर साठा मोजत असतं. तो फार घटला की ते आधी हेच काम थांबवतं. असं झालं तर ‘डाएट काम करतंय’ म्हणून खूश होऊ नका, डॉक्टरकडे जा.

मग खायचं किती?

याचा अर्थ रोज वडापाव हाणायचा, असा अजिबात नाही! जागतिक आरोग्य संघटना सांगते, की मोठ्या माणसाच्या एकूण कॅलरीपैकी फॅट ३० टक्क्यांपर्यंत असावं. त्यात सॅच्युरेटेड १० टक्क्यांपेक्षा आणि ट्रान्स १ टक्क्यापेक्षा कमी. दिवसाला २००० कॅलरी लागत असतील, तर फॅट साधारण ६५ ग्रॅमपर्यंत. त्यात दूध, दाण्याचं कूट, वेफर्स असं सगळं आलं.

तेव्हा पुढच्या वेळी पाकीट उलटं कराल, तेव्हा ‘टोटल फॅट’चा आकडा बघून थांबू नका. त्याखालच्या सॅच्युरेटेड आणि ट्रान्सच्या ओळीही वाचा. आणि वरणभातावर चमचाभर तूप घेताना गिल्टी वाटून घेऊ नका. पेशींना आवरणं शिवायचीत, त्यांना कापड लागतंच!