शिकाऊ की मुरलेला?

शहाद्याला माझे मोटार रिवायंडिंगचे दुकान आहे. शेतातले पंप जळतात, आम्ही ते पुन्हा भरून देतो. केळी, पपई आणि उसाच्या या पट्ट्यात उन्हाळ्यात व्होल्टेज पडले की आमचा हंगाम सुरू होतो. पंधरा वर्षांपूर्वी अशाच एका एप्रिलमध्ये आमचा मिस्तरी कामावर आला नाही. वीस वर्षे या कामात मुरलेला माणूस. सुरतेला जास्त पगार मिळाला आणि तो गेला. त्याबद्दल माझी तक्रार तेव्हाही नव्हती. पण त्याच्याबरोबर त्याच्या खिशातली वहीही गेली, आणि दुकानात चौदा जळालेल्या मोटारी पडून होत्या.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी वहीचे महत्त्व सांगतो. जळालेल्या मोटारीतली जुनी तार कापून काढण्याआधी काही गोष्टी टिपून घ्याव्या लागतात. खाचा किती, प्रत्येक कॉइलला वेढे किती, तार किती गेजची, कॉइल कितव्या खाचेतून निघून कितव्या खाचेत उतरते, जोडणी कशी आहे. वेढे कमी पडले किंवा तार बारीक लागली तरी मोटार सुरू होते, पाणीही काढते, आणि काही दिवसांनी तापून पुन्हा जळते. चूक लगेच कळत नाही, हा या कामातला खरा धोका. शिवाय कधी कधी मोटार आधीच कोणीतरी चुकीची भरलेली असते. मग मोजूनही उपयोग नाही, तिथे जुनी नोंदच लागते. मिस्तरीच्या वहीत वीस वर्षांच्या अशा नोंदी होत्या. वही त्याच्या पैशाची, अक्षर त्याचे. मी त्याला अनुभवाचा पगार देत होतो आणि तो अनुभव दुकानाचा आहे, अशा समजुतीत होतो.

मागे उरला धडगावकडच्या एका पाड्यावरचा मुलगा. वर्षभर तो आमच्याकडे शिकाऊ म्हणून होता. नट खोलणे, बेअरिंग काढणे, स्टेटर साफ करणे, चहा आणणे. कॉइलला त्याला कोणी हात लावू दिला नव्हता. मिस्तरीने नाही आणि मीही नाही. त्या उन्हाळ्यात नाइलाजाने त्याला बसवले. माझ्या देखरेखीखाली त्याने भरलेला पहिला पाणबुडी पंप आठव्या दिवशी जळून परत आला. तार माझी गेली, पपईला चार दिवस पाणी नाही म्हणून शेतकऱ्याचे बोलणे ऐकून घेतले, आणि पंप फुकट भरून दिला. मुलावर ओरडलो. रात्री हिशेब लिहिताना मात्र लक्षात आले की वर्षभरात त्याला शिकाऊ म्हणावे असे काही घडलेच नव्हते. तो माझा स्वस्तातला हमाल होता.

दुसऱ्या दिवशी एक जाड रजिस्टर आणले आणि सुतळीने टेबलाच्या पायाला बांधले. त्या दिवसापासून प्रत्येक मोटारीची नोंद त्यात होते.

माझे शिक्षण बारावीपर्यंत. पण वाचनालयाचे सभासदत्व कधी सोडले नाही, आणि धंद्यासाठी शिकाऊ घ्यावा की मुरलेला हा प्रश्न घेऊन मी जुन्या उद्योगांच्या हकिगती वाचत गेलो. त्यात सर्वांत जास्त अडकलो ते किर्लोस्करवाडीत.

लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. बढतीत डावलले गेल्यावर नोकरी सोडून बेळगावला आले. बंधू रामूअण्णांबरोबर सायकलींचा धंदा होताच. पुढे त्यांनी लोखंडी नांगर केला, पण लोखंडाने जमीन विषारी होते या समजुतीपायी दोन वर्षे तो खपेना. मग बेळगावची जागाही सोडावी लागली. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळची ३२ एकर जमीन देऊ केली आणि १९१० मध्ये त्या निवडुंगाच्या माळावर कारखाना उभा राहिला. बरोबर कोण होते? शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर, जे पुढे कल्पक अभियंता म्हणून नावाजले. विद्यार्थी म्हणून अयशस्वी ठरलेले के. के. कुलकर्णी, ज्यांनी व्यवस्थापन, कोर्टकचेरी आणि वाटाघाटी सांभाळल्या. आणि राखणीला शिक्षा झालेली दोन माणसे!

ही गोष्ट सत्कार समारंभांत नेहमी सांगितली जाते, आणि तात्पर्य काढले जाते की संधी मिळाली तर कोणीही काहीही करू शकतो. मला हे तात्पर्य पटत नाही. लोखंडी नांगराच्या कारखान्यात मुरलेली माणसे त्या काळी आपल्याकडे आणायची कुठून? गिरण्यांमध्ये आणि रेल्वेच्या वर्कशॉपांत फिटर होते, पण पगार, चाळ आणि शहर सोडून सापांच्या माळावर कोण येणार? म्हणजे शिकाऊ माणसे घेणे हा मनाचा मोठेपणा असेलही, पण त्यात निवडीला फारशी जागा नव्हती. त्याहून महत्त्वाचे, मालक स्वतः पेशाने शिक्षक होता आणि तो कारखान्यातच राहत होता. शिकाऊ माणूस यशस्वी झाला की आपण त्याच्या गुणांकडे बघतो. त्याच्या शेजारी रोज कोण उभे होते, हे बघत नाही.

लक्ष्मणरावांना पुस्तकी शिक्षणाचे वावडे होते असेही नाही. मुलगा शंतनुराव यांना त्यांनी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत पाठवले. ते १९२६ मध्ये पदवी घेऊन परतले. आणि या अंकाच्या वाचकांसाठी जाता जाता: याच कारखान्यातून १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघाले. ते काढणारे शंकरराव किर्लोस्कर मुळात चित्रकार. मराठीतले एक मोठे मासिक संपादनाचा अनुभव नसलेल्या माणसाने घडवले.

गॅरी बेकर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६४ च्या आपल्या पुस्तकात शिक्षणाचे दोन प्रकार पाडले आहेत. एक, जे कुठेही चालते. दुसरे, जे त्याच कारखान्यात उपयोगी पडते. पहिल्याचा खर्च मालक करत नाही, कारण शिकलेला माणूस दुसरीकडे जाऊ शकतो. म्हणून शिकाऊ माणूस कमी पगार घेऊन तो खर्च स्वतःच सोसतो. वाचताना मला तो धडगावचा मुलगा आठवला. कमी पगार त्याने घेतला होता. बदल्यात शिक्षण मिळाले नव्हते. बेकरच्या हिशेबात ही चोरी बसत नाही.

आमच्या दुकानाचा हिशेब असा. मिस्तरी दिवसाला तीन मोटारी भरतो. शेजारी मुलगा बसवून, प्रत्येक वेढा दाखवत भरल्या तर दोन. ती न भरलेली एक मोटार हा शिकाऊ माणसाचा खरा पगार आहे, आणि तो कोणत्याच पावतीवर दिसत नाही. म्हणून मी मुलगा घेतो तो आषाढात, कामे कमी असतात तेव्हा. एप्रिलमध्ये शिकाऊ घेणे म्हणजे त्याला चहा आणायलाच घेणे. घरात शिकवणारा नसेल तर शिकाऊ घेऊच नये, कितीही स्वस्त पडला तरी.

सरकारी कागदांवर तो स्वस्तच दिसतो. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार तो कामगार नव्हे, प्रशिक्षणार्थी. २०१९ च्या नियमांनुसार तीस किंवा जास्त माणसे असलेल्या आस्थापनेला अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. राज्याच्या २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी झालेल्याला महिना ६,०००, आयटीआय किंवा पदविकावाल्याला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये ठरले, सुरुवातीला सहा महिन्यांसाठी. पैशाची सोय झाली. शिकवणाऱ्याच्या वेळेचे पैसे मात्र यात कुठे धरलेले नाहीत.

आमच्या जिल्ह्यात याचा अर्थ वेगळा होतो. २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबारच्या लोकसंख्येत आदिवासी सुमारे ६९ टक्के आहेत. दिवाळी झाली की उचल घेतलेल्या ऊसतोडीच्या टोळ्या गुजरातकडे निघतात. नोंदीत सगळे अकुशल. दहा-दहा वर्षे कारखान्यात ‘हेल्पर’ राहिलेली माणसे मी इथे पाहिली आहेत. मुरलेली, पण शिकाऊच्या पगारावर. कोणाला शिकाऊ म्हणायचे आणि किती दिवस, हे ज्याच्या हातात आहे त्याला हा प्रश्न सोपा वाटतो.

तो धडगावचा मुलगा चार वर्षे आमच्याकडे राहिला. जाताना रजिस्टरचे त्याने मोबाइलवर फोटो काढून नेले. मी काही बोललो नाही. निम्म्या नोंदी त्याच्याच होत्या. आता त्याचे स्वतःचे दुकान आहे आणि एखादी अनोळखी मोटार आली की आम्ही एकमेकांना फोन करतो.

या दसऱ्याला माझ्याकडे पुन्हा जागा रिकामी झाली. दोघे येऊन गेले. एक आयटीआय झालेला मुलगा, दुसरा सुरतेत बारा वर्षे काढून आईच्या आजारपणामुळे परत आलेला माणूस. माझी ऐपत दीड माणसाची. मी सुरतवाल्याला म्हटले, दादा, तुम्ही या, पण या पोराला शेजारी बसवायचे आणि नोंदी दुकानाच्या रजिस्टरात लिहायच्या. त्याने सुतळीने बांधलेले रजिस्टर चाळले आणि म्हणाला, “मोटारी भरायचा पगार सांगितलात, भाऊ. शिकवायचे किती देणार?”

आकड्यावर आमचे अजून बोलणे चालू आहे.