गळाचा दोरा किती जाड असावा?

जाड दोरा जास्त मजबूत असतो, हे लहान मुलालाही ठाऊक असते. मग गळ टाकून मासे पकडणारा माणूस दुकानात जाऊन बारीक दोरा का मागतो? मोठा मासा लागला तर तो तुटेल, अशी भीती त्याला वाटत नाही का? हा प्रश्न वर्गात विचारून पाहावा. मुले बहुधा एकच कारण सांगतील, 'जाड दोरा माशाला दिसतो.' उत्तर बरोबर आहे, पण अपुरे आहे. दोऱ्याची जाडी बदलली की एकाच वेळी चार गोष्टी बदलतात आणि प्रत्येक गोष्ट वेगळ्या प्रमाणात बदलते. या लेखात आपण त्या चार गोष्टी पाहू.

उदाहरणासाठी छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील नाथसागर घेऊ. पैठण येथे गोदावरीवर बांधलेल्या जायकवाडी धरणाचा हा जलाशय. धरणाचे उद्घाटन १९७६ मध्ये झाले. जलाशय पूर्ण भरला की पाण्याचा पसारा सुमारे ३५० चौरस किलोमीटर होतो आणि साठा सुमारे २,९०० दशलक्ष घनमीटर. भागाकार केला तर सरासरी खोली निघते जेमतेम आठ मीटर. म्हणजे हा जलाशय पसरट आणि उथळ आहे. काठाजवळ पाणवनस्पती माजतात, आणि वारा सुटला की तळचा गाळ ढवळला जातो. येथे रोहू, कटला, मरळ, वाम असे मासे मिळतात. त्यांपैकी मरळ हा दबा धरून बसणारा शिकारी. बेडूक किंवा लहान मासा जवळून गेला की तो झडप घालतो. अमेरिकेतील तळ्यांत 'बास' नावाचा मासा असाच शिकार करतो. गळ टाकणाऱ्यांना दोघांच्याही बाबतीत एकच अडचण येते: आमिष जिवंत वाटले पाहिजे आणि झडपेचा हिसका दोऱ्याने सोसला पाहिजे.

पहिली गोष्ट : ताकद

गळाच्या नायलॉनच्या दोऱ्याला आपल्याकडे तंगूस म्हणतात. तंगूस किती ओढ सहन करील, हे त्याच्या आडव्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते आणि वर्तुळाचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा, ०.२ मिलिमीटर जाडीचा तंगूस ३ किलो वजनाला तुटला. त्याच प्रतीचा ०.४ मिलिमीटरचा तंगूस ६ किलोला नव्हे, तर १२ किलोच्या आसपास तुटेल. जाडी दुप्पट, ताकद चौपट. उलट, जाडी निम्मी केली की ताकद एक चतुर्थांशच उरते.

मग ३ किलोच्या तंगुसावर ४ किलोचा मासा कसा निघतो? पाण्यात माशाचे बहुतेक सगळे वजन पाणीच पेलते. दोऱ्यावर ताण येतो तो त्याच्या पोहण्याचा आणि हिसक्याचा. नायलॉन तुटण्यापूर्वी बराच ताणला जातो. तो पाचव्या हिश्शाने ताणला जातो असे धरले, तर अर्धा मीटर दोरा दहा सेंटिमीटर ताणला जाईल आणि पाच मीटर दोरा एक मीटर. थांबायला जास्त अंतर मिळाले की हिसका सौम्य होतो. मासा लागल्यावर जाणता माणूस दोरा एकदम खेचत नाही, थोडा सोडतो आणि मग ओढून घेतो, ते याचसाठी. मासा पाण्याबाहेर उचलताना मात्र त्याचे पूर्ण वजन दोऱ्यावर येते, म्हणून तेथे हातजाळी लागते.

दुसरी आणि तिसरी : दिसणे आणि पाण्याची ओढ

या दोन्ही गोष्टी जाडीच्या साध्या प्रमाणात बदलतात. जाडी दुप्पट झाली की दोऱ्याची दिसणारी रुंदी दुप्पट होते आणि आडव्या दोऱ्यावर वाहत्या पाण्याचा रेटाही जवळजवळ दुप्पट होतो. रेटा वाढला की दोऱ्याला बाक येतो. आमिष ठरल्या जागी राहत नाही आणि मासा लागल्याची चाहूल हाताला उशिरा लागते.

नायलॉन पारदर्शक असूनही पाण्यात दिसतो, कारण पाण्याचा अपवर्तनांक १.३३ आहे आणि नायलॉनचा सुमारे १.५३. हा फरक जितका कमी, तितका पदार्थ पाण्यात कमी दिसतो. फ्लोरोकार्बनच्या धाग्याचा अपवर्तनांक सुमारे १.४२ असल्याने तो पाण्यात कमी दिसतो.

पावसाळ्यात गोदावरी गढूळ होऊन येते, तेव्हा दोरा दिसण्याचा प्रश्न फारसा उरत नाही. पाणी निवळल्यावर मात्र तोच दोरा नजरेत येऊ लागतो.

चौथी : ताठरपणा

ही गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. गोल धाग्याला वाकवायला लागणारे बल व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. जाडी दुप्पट केली की ताठरपणा सोळापट! ताठर दोऱ्याला बांधलेले आमिष तारेला बांधल्यासारखे हलते. मरळ हलत्या भक्ष्यावर झडप घालतो. माशाच्या दोन्ही कुशींवर पार्श्वरेषा नावाचे संवेदनांग असते आणि त्याने पाण्याची बारीक हालचालही त्याला कळते. त्यामुळे गढूळ पाण्यात आमिष दिसले नाही, तरी त्याच्या हालचालीतला फरक जाणवू शकतो.

आता चारही गोष्टी एकत्र मांडू. जाडी दुप्पट केली, तर ताकद चौपट, दिसणे दुप्पट, पाण्याचा रेटा दुप्पट आणि ताठरपणा सोळापट. एक फायदा आणि तीन तोटे. म्हणून सर्वांत चांगली अशी एकच जाडी नसते. निवळ, मोकळ्या पाण्यात बारीक तंगूस चालतो. पाणवनस्पतींत दडलेल्या मरळासाठी जाडच लागतो, कारण तेथे माशाबरोबर वनस्पतींचा गुंताही ओढावा लागतो.

वर्गात करून पाहा

दोन जाडींचे तंगूस आणा. पेन्सिलीवर शेजारी शेजारी, फट न ठेवता वीस वेढे द्या आणि वेढ्यांची एकूण रुंदी मोजा. ती ४ मिलिमीटर आली तर जाडी ०.२ मिलिमीटर, ६ आली तर ०.३. आता गुळगुळीत दांड्याला तंगुसाचे दहा-बारा वेढे देऊन टोक बांधा. साध्या गाठीपाशी तंगूस लवकर तुटतो. वेढे दिल्याने गाठीवर ताण येत नाही. खालच्या टोकालाही असेच वेढे देऊन तेथे बादली अडकवा. ती जमिनीपासून चार बोटेच वर असावी. मापाने पाणी ओतत जा. मुलांना दूर उभे करा आणि तंगूस हाताला गुंडाळून कोणी ओढणार नाही याची काळजी घ्या, हात कापतो. प्रयोगाआधी मुलांकडून अंदाज घ्या. बहुतेक जण ०.३ ला दीडपट वजन सांगतील. हिशेबाने ते सव्वादोनपट यायला हवे. मग तोच तंगूस रात्रभर पाण्यात भिजवून प्रयोग पुन्हा करा. नायलॉन पाणी शोषून थोडा कमजोर होतो, हे मुलांना स्वतःच दिसेल.

प्रयोग संपला की तंगुसाचे सगळे तुकडे गोळा करा आणि कापून बारीक करा. नायलॉनचा शोध १९३५ मध्ये लागला. त्यापूर्वी गळाला सुताचे किंवा तागाचे दोरे असत. ते जाड असत, पण कुजतही. नायलॉन कुजत नाही, हा मच्छीमाराचा फायदा. पण तुटून पाण्यात राहिलेला तंगूसही कुजत नाही आणि त्यात मासे, कासवे आणि पाणपक्षी अडकतात. नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात दुरून आलेल्या पक्ष्यांना निवळ पाण्यातला बारीक तंगूस दिसत नाही.

गरजेपेक्षा जाड दोरा घेतला तर मासा गळाला लागत नाही आणि नुकसान एकट्या मच्छीमाराचे होते. गरजेपेक्षा बारीक घेतला तर मासा गळासकट दोरा तोडून जातो. मग मच्छीमाराचे तर नुकसान होतेच, शिवाय माशाचे होते आणि पुढे कधीतरी एखाद्या पक्ष्याचेही. दोऱ्याची जाडी ठरवताना हा हिशेबही मुलांपुढे मांडायला हवा.