युद्धनौकेवरील जलविमान : दृष्टी आणि संदेश

दोन महायुद्धांच्या दरम्यान युद्धनौकांच्या तोफांचा पल्ला त्यांच्या दृष्टीच्या मर्यादेपलीकडे जाऊ लागला होता. पृथ्वीच्या गोलाईमुळे ३० मीटर उंचीवरील निरीक्षकाचे क्षितिज सुमारे २० किलोमीटरवर असते. १,००० मीटर उंचीवरून तेच सुमारे ११३ किलोमीटरवर जाते. शिवाय गोळा लक्ष्याच्या किती अलीकडे वा पलीकडे पडला, हे नौकेवरून नीट ठरविता येत नसे. या दोन्ही उणिवा भरून काढण्यासाठी क्रूझर व त्याहून मोठ्या नौकांवर टेहळणीचे जलविमान ठेवण्याची प्रथा रूढ झाली.

ब्रिटिश नौदलाचे फेअरी 'सीफॉक्स' हे या प्रकारातील एक प्रातिनिधिक विमान होय. १९३६ साली त्याचे प्रथम उड्डाण झाले. या दुहेरी पंखांच्या विमानास चाकांऐवजी दोन तरंगते प्लवक असत. ३९५ अश्वशक्तीचे त्याचे इंजिन काहीसे अपुरेच होते. चालक उघड्यावर बसे. निरीक्षकाची जागा मात्र झाकलेली असे. कॅटापल्टच्या साहाय्याने विमान नौकेवरून फेकले जाई. परतल्यावर ते पाण्यावर उतरे व यारीने वर उचलून घेतले जाई. त्यासाठी नौकेला वेग मंदावावा लागे, आणि शत्रूच्या सान्निध्यात हे धोक्याचे असे.

या व्यवस्थेची खरी कसोटी १३ डिसेंबर १९३९ रोजी प्लेट नदीच्या मुखाबाहेरील लढाईत लागली. जर्मन 'ग्राफ स्पे'वरील आराडो विमानाचे इंजिन आधीच निकामी झाले होते. त्यामुळे तिच्या कप्तानाने दोन हलक्या क्रूझरांना प्रथम विनाशिका समजण्याची चूक केली. ब्रिटिश 'एक्झेटर'वरील विमाने गोळ्यांच्या तुकड्यांनी मोडली. 'एजॅक्स'ने मात्र आपल्याच तोफांच्या धडाक्यात ६ वाजून ३७ मिनिटांनी सीफॉक्स उडविले.

तथापि केवळ दिसणे पुरेसे नव्हते. 'एजॅक्स' व 'अकिलीस' या नौका (यांपैकी 'अकिलीस' १९४८ मध्ये 'दिल्ली' नावाने भारतीय नौदलात आली) एकत्रित नियंत्रणाखाली मारा करीत होत्या. ६ वाजून ४६ मिनिटांच्या सुमारास 'अकिलीस'ची बिनतारी यंत्रणा बंद पडली व ती स्वतंत्रपणे मारा करू लागली. 'एजॅक्स'ला याची कल्पना नव्हती. 'अकिलीस'चे गोळे अलीकडे पडत असल्याचे विमानाने कळविले. ते आपलेच समजून 'एजॅक्स'ने पल्ला वाढविला, आणि तिचे गोळे लक्ष्यापलीकडे जाऊ लागले. ७ वाजून ८ मिनिटांनी तिला पुन्हा लक्ष्य गवसले. निरीक्षण अचूक होते. परंतु ते कोणत्या तोफांविषयी आहे, हे संदेशातून कळत नव्हते.

विमान ९ वाजून १२ मिनिटांनी परत घेण्यात आले. १७ डिसेंबरला 'ग्राफ स्पे'ने स्वतःस उडवून दिल्याची वार्ताही याच विमानाने दिली. पुढे रडारचा प्रसार झाला आणि युद्ध संपण्यापूर्वीच बहुतेक ब्रिटिश क्रूझरांवरील कॅटापल्ट काढून टाकण्यात आले. दृष्टीचे साधन बदलले. दृष्टी आणि तोफ यांना जोडणारा संदेश निःसंदिग्ध असण्याची गरज मात्र टळली नाही.