झाडाची तहान किती वातावरणांची?

भर दुपारी वांग्याच्या रोपाने मान टाकलेली आणि ऊन कलल्यावर तेच रोप पुन्हा ताठ झालेले तुम्ही पाहिलेच असेल. मान टाकलेले रोप तहानलेले आहे हे कोणालाही कळते. पण पान ताठ दिसत असतानाही झाड आतून ओढगस्तीत असू शकते. कोमेजणे डोळ्यांना दिसण्यापूर्वीच पानांची वाढ मंदावलेली असते. मग पाण्याची पाळी आज द्यावी की चार दिवसांनी? विहिरीत पाणी थोडे असेल तेव्हा हा प्रश्न साधा राहत नाही.

मी पदार्थविज्ञान शिकवतो, वनस्पतिशास्त्र नव्हे. पण या प्रश्नाचे उत्तर ज्या उपकरणाने मिळते ते आमच्याच प्रांतातले आहे.

शोषक पंपाने पाणी सुमारे 10 मीटरपलीकडे चढत नाही, हे तुम्ही शिकला आहात. मग 80 मीटर उंच झाडाच्या शेंड्यापर्यंत ते कसे जाते? डब्लिनच्या डिक्सन आणि जोली यांनी 1894 साली सांगितले, की पाणी खालून ढकलले जात नाही, वरून ओढले जाते. पानांतून वाफ निघून जाते, पेशीभित्तिकांतील पाणी मागच्या पाण्याला ओढते, आणि पाण्याचे रेणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की खोडातला पाण्याचा धागा तुटत नाही. म्हणजे त्या पाण्यातला दाब शून्याच्याही खाली, ऋण असतो! वर्गात हे सांगितले की मुले माझ्याकडे संशयाने पाहतात. आणि मोजायला जावे तर पंचाईत अशी, की खोडात दाबमापक खुपसताच हवा आत शिरते आणि धागा तुटतो.

कॅलिफोर्नियातील स्क्रिप्स संस्थेचे पेर शोलँडर आणि त्यांचे सहकारी यांनी 1965 साली ही अडचण उलट्या बाजूने सोडवली. डहाळी कापली की ताणलेला धागा तुटतो आणि पाणी कापापासून आत सरकते, ताणलेले रबर सोडल्यावर आखडते तसे. ही डहाळी पोलादी भांड्यात ठेवायची, देठाचे कापलेले टोक रबरी बुचातून बाहेर काढायचे, आणि सिलिंडरमधून नायट्रोजन हळूहळू आत सोडायचा. दाब वाढत जातो. भिंगातून पाहावे तर कापाचा पृष्ठभाग कोरडाच. मग एका क्षणी तो ओलसर चमकतो. पाणी परत काठाशी आले! त्या क्षणी दाबमापकावर जो आकडा असेल तेवढाच ताण झाडात होता. (डिक्सन यांनीही अशी खटपट केली होती, पण त्यांची भांडी काचेची होती आणि ती फुटली.)

शोलँडर यांनी उंच डग्लस फर झाडांच्या डहाळ्या चक्क बंदुकीने नेम धरून पाडल्या. वरच्या डहाळीतला ताण खालच्यापेक्षा अधिक भरला, आणि फरक दर 10 मीटरला सुमारे 1 वातावरण, म्हणजे पाण्याच्या स्तंभाच्या हिशेबाइतकाच! खारफुटीची गोष्ट तर आणखी न्यारी. समुद्राच्या पाण्याचा तर्षण दाब सुमारे 25 वातावरणे असतो. त्यातून गोडे पाणी खेचायचे तर ताण त्याहून जास्त हवा. खारफुटीत तो 30 वातावरणांच्या वर आढळला. मोटारीच्या टायरात हवा भरतात ती साधारण 2 वातावरणांची, हे लक्षात घ्या.

हे मोजमाप मी प्रथम केले तेव्हा आकडा भलताच मोठा आला. पान तोडून मी गप्पा मारत बसलो होतो, आणि तोडलेले पानही पाणी गमावतच असते. म्हणून पानावर प्लॅस्टिकची पिशवी चढवूनच ते तोडतात. वेळही पाळावी लागते. रात्रभरात झाडातला ताण मातीतल्या ताणाशी जवळजवळ बरोबरीला येतो. त्यामुळे पहाटेचा आकडा जमिनीची स्थिती सांगतो, तर दुपारचा झाडाची ओढाताण. पहाटेच तो 15 वातावरणांच्या घरात गेला, तर बहुतेक पिकांना त्या जमिनीतून पाणी मिळणे संपले असे समजावे. कॅलिफोर्नियातील द्राक्षबागांत याच यंत्रावर पाण्याची पाळी ठरवतात. आपल्याकडे बारामतीजवळ माळेगाव येथे 2009 साली राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था स्थापन झाली. दुष्काळ, क्षार, उष्णता यांना पिके कशी तोंड देतात, हाच तिचा विषय आहे.

शाळेत पोलादी भांडे कोठून आणणार? पण तराजू असेलच. पानातून बूच-छेदकाने वीस चकत्या कापून लगेच वजन करा. त्या चार तास पाण्यावर तरंगत ठेवा, टिपकागदाने टिपून पुन्हा वजन करा. शेवटी 80 अंश सेल्सियसला भट्टीत पूर्ण वाळवून तिसरे वजन घ्या. समजा, ताजे 0.84 ग्रॅम, फुगलेले 0.96 आणि सुके 0.16 भरले. पानात 0.68 ग्रॅम पाणी होते, मावले असते 0.80, म्हणजे 85 टक्के. एका कुंडीला रोज पाणी घाला, दुसरीचे तोडा, आणि दररोज एकाच वेळी हा आकडा काढा. दुसऱ्या कुंडीतले रोप मान टाकते त्या दिवसाच्या किती आधी आकडा घसरू लागला, तेवढे मात्र नीट लिहून ठेवा.