जुन्या कर्नलवर नव्या उपकरणांचे ड्रायव्हर : एक विवेचन

प्रस्तावना

शिळफाटा येथील आमच्या महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेत एका मापन उपकरणाला जोडलेला जुना संगणक आहे. जूनच्या आरंभी वीज पडली आणि त्या संगणकाचे नेटवर्क निकामी झाले. उपाय साधा वाटला : बाजारातून यूएसबी वाय-फाय अॅडॉप्टर आणावा आणि लावावा. अॅडॉप्टर आला, लावला, आणि संगणकाने त्याची दखलही घेतली नाही. कार्यालयातील नव्या संगणकावर तोच अॅडॉप्टर क्षणात चालू झाला.

या संगणकावर लिनक्सचे ३.१० या आवृत्तीचे कर्नल आहे. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ७ ही प्रणाली जून २०१४ मध्ये याच कर्नलवर प्रसिद्ध झाली. मग कर्नल बदलावे, असे कोणीही म्हणेल. परंतु उपकरणाच्या माहितीसंकलन कार्डासाठी पुरवठादाराने दिलेले मॉड्यूल केवळ यंत्रभाषेत आहे, त्याचा मूळ मजकूर उपलब्ध नाही, आणि ते याच कर्नलवर चालते. कर्नल बदलल्यास नेटवर्क मिळेल, पण उपकरण बंद पडेल. जुने अॅडॉप्टर शोधावे तर त्याच नावाच्या, त्याच वेष्टनातील अॅडॉप्टरमध्ये आज वेगळीच चिप निघते. अशा पेचात जो मार्ग उरतो त्यास बॅकपोर्टिंग म्हणतात. नव्या कर्नलसाठी लिहिलेला ड्रायव्हर जुन्या कर्नलवर चालेल असा करणे, हे त्याचे स्वरूप.

आपल्या परिसरातील वाचकांना एक दाखला जवळचा वाटेल. मध्य रेल्वेच्या मुंबई विभागात दीर्घकाळ १,५०० व्होल्ट डीसी वीजपुरवठा होता, तर इगतपुरीच्या पुढे २५,००० व्होल्ट एसी. दोन्ही तारांखाली धावू शकणारी डब्ल्यूसीएएम वर्गातील इंजिने त्यासाठी बनविली गेली. तार आहे तशीच राहिली, जुळवून घेण्याची यंत्रणा इंजिनाच्या पोटात बसविली. पुढे तारच टप्प्याटप्प्याने बदलण्यात आली व २०१६ मध्ये मुंबईतील डीसी पुरवठा संपला. कर्नल अद्ययावत करणे म्हणजे तार बदलणे, बॅकपोर्ट करणे म्हणजे दुहेरी इंजिन बांधणे.

ड्रायव्हर जुन्या कर्नलवर का चालत नाही ?

लिनक्समध्ये दोन सीमारेषा आहेत. एक, सामान्य प्रोग्राम आणि कर्नल यांच्यामधली. ही सहसा मोडली जात नाही, त्यामुळे पंधरा वर्षांपूर्वीचा प्रोग्राम बहुधा आजही चालतो. दुसरी, कर्नल आणि त्यातील ड्रायव्हर यांच्यामधली. येथे स्थैर्याचे कोणतेही वचन नाही. ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी कर्नलच्या दस्तऐवजांत ही भूमिका सविस्तर मांडली आहे : ड्रायव्हर कर्नलच्या मुख्य संग्रहात असेल, तर अंतर्गत रचना बदलणारा स्वतःच तो ड्रायव्हरही दुरुस्त करतो. युक्तिवाद बिनतोड आहे. अडचण इतकीच की ही दुरुस्ती पुढच्या दिशेने होते. मागे राहिलेल्यांचा विचार त्यात नाही.

तयार मॉड्यूल उचलून जुन्या कर्नलमध्ये बळेच घालता येत नाही काय ? प्रत्येक मॉड्यूलवर आवृत्तीचा शिक्का असतो व तो न जुळल्यास कर्नल ते नाकारते. हा शिक्का टाळण्याची आज्ञा उपलब्ध आहे, पण ती वापरू नये. कर्नलमधील माहिती ठरावीक संरचनांत ठेवलेली असते. एखाद्या संरचनेत मधेच एक नवे क्षेत्र आले की त्यापुढील सर्व क्षेत्रांची जागा सरकते. नवे मॉड्यूल जेथे लांबी वाचावयास जाते तेथे जुन्या कर्नलमध्ये पत्ता असतो. परिणामी यंत्र गोठते, किंवा त्याहून वाईट म्हणजे गोठत नाही आणि चुकीची माहिती लिहीत राहते. म्हणून मूळ मजकूर घेऊन तो जुन्या कर्नलच्या मोजमापाने पुन्हा संकलित करणे अनिवार्य ठरते.

एक उदाहरण : टायमर

बॅकपोर्टिंगचे सारे मर्म एका लहान उदाहरणात दिसते. ड्रायव्हरला ठरावीक वेळाने एखादे काम करावयाचे असेल तर तो कर्नलकडे टायमर मागतो. जुन्या पद्धतीत 'सेटअप_टायमर' या फलनास तीन गोष्टी द्याव्या लागत : टायमर, वेळ झाल्यावर बोलवावयाचे फलन, आणि त्या फलनाला द्यावयाची एक संख्या. ही संख्या बहुधा ड्रायव्हरच्या स्वतःच्या संरचनेचा पत्ता असे. मात्र फलनाचा पत्ता आणि त्याला द्यावयाची संख्या टायमरमध्ये शेजारीशेजारी साठविलेली असल्याने, स्मृतीत घुसखोरी करणाऱ्यास दोन्ही एकदम बदलणे सोपे जाई. हे टाळण्यासाठी 'टायमर_सेटअप' ही नवी पद्धत आली, आणि जानेवारी २०१८ मधील ४.१५ या आवृत्तीपर्यंत जुनी पद्धत काढून टाकण्यात आली. नव्या पद्धतीत वेगळी संख्या नाही. बोलविलेल्या फलनास टायमरचाच पत्ता मिळतो, आणि त्यावरून तो टायमर ज्या संरचनेत आहे तिचा पत्ता वजाबाकीने काढला जातो.

आता नवा ड्रायव्हर 'टायमर_सेटअप' मागतो, जुन्या कर्नलला ते नाव ठाऊक नाही. ड्रायव्हरमधील प्रत्येक ठिकाण बदलण्याऐवजी एक लहान जोडफाइल लिहिली जाते. तिच्यात त्याच नावाचे फलन असते, पण आतून ते जुन्या 'सेटअप_टायमर'ला बोलाविते, आणि संख्येच्या जागी टायमरचा स्वतःचाच पत्ता देते. लिनक्समध्ये पत्ता व ती संख्या यांचा आकार सारखाच असल्याने हे जमते. ड्रायव्हरला वाटते आपण नव्या कर्नलमध्ये आहोत, कर्नलला वाटते हा जुनाच ड्रायव्हर आहे. प्रस्तुत लेखकास या चार ओळींचे आजही कौतुक वाटते. नव्या पद्धतीचा सुरक्षालाभ मात्र त्यात मिळत नाही, कारण खाली जुनाच टायमर असतो.

सामूहिक प्रयत्न

असे फरक शेकड्यांनी आहेत, आणि ते एकेकट्याने भरून काढणे अशक्यप्राय आहे. वायरलेस ड्रायव्हरांसाठी लुईस रॉड्रिगेझ यांच्या पुढाकाराने 'कॉम्पॅट-वायरलेस' हा प्रकल्प उभा राहिला. २०१३ पासून तो 'बॅकपोर्ट्स' या नावाने ओळखला जातो. जोडफाइलने न सुटणारे बदल, उदाहरणार्थ संरचनेतील क्षेत्राचे नावच बदलले असेल तर, फ्रान्समधील जुलिया लॉल व सहकाऱ्यांच्या 'कॉक्सिनेल' या साधनाने केले जातात. बदलाचा नियम एकदा सांगितला की ते तो सर्व ड्रायव्हरांत लागू करते.

वायरलेसच्या बाबतीत ड्रायव्हर एकटा मागे आणता येत नाही. तो 'मॅक८०२११' आणि 'सीएफजी८०२११' या दोन सामायिक मॉड्यूलांवर उभा असतो, तीही सोबत आणावी लागतात, आणि मग त्यांवर अवलंबून असलेले जुने वायरलेस ड्रायव्हरही त्याच संचातून बांधावे लागतात. आमच्या संगणकावर दुसरे वायरलेस उपकरण नव्हते, आणि माहितीसंकलन कार्डाचे मॉड्यूल या दोहोंना स्पर्श करीत नव्हते. ही सोय प्रत्येकास लाभेलच असे नाही.

प्रत्यक्षातील अडथळे

रेड हॅटच्या कर्नलवर ३.१० हा आकडा शेवटपर्यंत राहिला, पण त्यात पुढील आवृत्त्यांतील अनेक गोष्टी कंपनीने स्वतःच मागे आणल्या होत्या. त्यामुळे 'आवृत्ती अमुकपेक्षा कमी असेल तर जोडफाइल वापर' ही अट फसते. जे नाही असे समजून आपण लिहितो ते आधीच असते, आणि एकाच नावाच्या दोन व्याख्यांची टक्कर होते. आकडा विचारण्यापेक्षा लहानसा नमुना संकलित करून ते फलन खरोखर आहे की नाही हे पाहणे अधिक विश्वासार्ह.

कंपायलरही जुना असतो. या प्रणालीसोबत जीसीसी ४.८ येतो. कर्नलने २०२२ मध्ये ५.१८ या आवृत्तीपासून सी भाषेचे २०११ चे प्रमाण स्वीकारले, म्हणून अलीकडच्या ड्रायव्हरांत 'फॉर'च्या कंसातच चल घोषित केलेला आढळतो. जुना कंपायलर त्याच्या मूळ मांडणीत हे नाकारतो. असे चल वर आणून ठेवण्यातच आमची एक संपूर्ण दुपार गेली.

सर्व संकलित झाल्यावरही अॅडॉप्टर मूकच होता. कर्नलच्या नोंदी वाचल्यावर उलगडा झाला : चिपला स्वतःची फर्मवेअर फाइल लागते, आणि जुन्या प्रणालीच्या संग्रहात ती नव्हतीच. ती फाइल योग्य जागी ठेवल्यावर दिवा लागला. बॅकपोर्ट फसला असे ठरविण्यापूर्वी या नोंदी वाचाव्यात.

बॅकपोर्टची मर्यादा

रेड हॅट ७ चा नियमित देखभाल काळ ३० जून २०२४ रोजी संपला, आणि सेंटॉस ७ चाही त्याच दिवशी. बॅकपोर्टमुळे वायरलेसचा भाग नवा झाला, उर्वरित कर्नलमधील उणिवा जेथल्या तेथे आहेत. तांत्रिक यश मिळताच यंत्र सर्व जगाशी जोडण्याचा मोह होतो, आणि तो घातक आहे. त्यामुळे हा संगणक आम्ही प्रयोगशाळेतील स्वतंत्र राउटरला जोडला. त्यावरून मापनांच्या फाइली शेजारच्या नव्या संगणकाकडे जातात. इंटरनेट त्याला दिलेले नाही.