चंचलता आणि चिंता एकत्र असलेल्या मुलाचे संगोपन

दिल्ली व राजधानी परिसरातील मराठी कुटुंबांसाठी

वही अपुरी राहते, डबा शाळेत विसरला जातो, वर्गशिक्षकांचा निरोप घरी येतो. ‘मूल आळशी आहे, हट्टी आहे, लाडावले आहे,’ असा निष्कर्ष घरात काढला जातो. अनेकदा अशा वागण्यामागे एडीएचडी, म्हणजे अवधानातील कमतरता व अतिचंचलता, आणि तिच्या जोडीला चिंताविकार असतो. दोन्ही अडचणी ओळखता येतात व दोहोंवर उपचार आहेत. त्या ओळखल्या गेल्या नाहीत, तर मूल वर्षानुवर्षे बोलणी खाते आणि अखेरीस स्वतःलाच वाईट समजू लागते.

या अडचणी कोणत्या?

एडीएचडी हा मेंदूच्या वाढीशी संबंधित विकार असून त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. पालकांच्या लाडामुळे किंवा शिस्तीच्या अभावामुळे तो होत नाही. जगभरात शंभरांपैकी सुमारे ५ मुलांमध्ये तो आढळतो. लक्षणे वयाच्या १२ वर्षांपूर्वी सुरू झालेली असणे, किमान ६ महिने टिकणे आणि घर व शाळा अशा एकाहून अधिक ठिकाणी दिसणे, हे निदानासाठी आवश्यक असते. काही मुले, विशेषतः मुली, मुळीच चंचल नसतात. त्या शांत बसतात, परंतु मन अन्यत्र असते.

चिंताविकारात मूल सतत धास्तावलेले राहते. शाळेच्या दिवशी सकाळी पोटात दुखणे, रात्री झोप न लागणे, ‘माझे चुकले तर?’ असे वारंवार विचारणे, नव्या ठिकाणी जाण्यास नकार देणे ही त्याची नेहमीची लक्षणे होत. एडीएचडी असलेल्या सुमारे चारपैकी एका मुलात चिंताविकारही आढळतो.

वागणे सारखे, कारण वेगळे

गणिताची वही कोरी राहिली, तर लक्ष विचलित झाले असेल किंवा चूक होईल या भीतीने मुलाने पेन्सिलच उचलली नसेल. दोन्ही कारणे एकाच दिवशीही असू शकतात. म्हणून रागावण्यापूर्वी शांतपणे विचारावे : ‘विसरलास, की भीती वाटली?’ दोन आठवडे एका वहीत नोंद ठेवावी : काय घडले, केव्हा घडले, त्याआधी काय झाले होते. ही नोंद डॉक्टरांना फार उपयोगी पडते.

लक्ष टिकण्यासाठी

• सूचना एका वेळी एकच द्यावी. जवळ जाऊन, नजरेला नजर देऊन द्यावी.
• सकाळची कामे चित्रांसह कागदावर लिहून भिंतीवर लावावीत.
• अभ्यासाचे १० ते १५ मिनिटांचे भाग पाडावेत. मध्ये उठण्याची मुभा द्यावी.
• चांगल्या कृतीचे कौतुक लगेच व नेमके करावे : ‘आज दप्तर स्वतः भरलेस.’
• झोपेची वेळ ठरलेली असावी. झोपण्यापूर्वी एक तास मोबाइल व टीव्ही बंद ठेवावेत.

भीती कमी होण्यासाठी

भीती वाटणारी गोष्ट पूर्णपणे टाळू दिल्यास त्या दिवशी सुटका होते, परंतु पुढच्या वेळी भीती वाढते. बळजबरी केल्यानेही ती वाढते. म्हणून लहान पायऱ्या ठरवाव्यात. वर्गात बोलण्याची भीती असल्यास आधी घरी आईवडिलांसमोर वाचन, मग आजीआजोबांशी व्हिडिओ कॉलवर, त्यानंतर एका मैत्रिणीसमोर आणि शेवटी वर्गात एक वाक्य. प्रत्येक पायरी सवयीची होईपर्यंत तिथेच थांबावे.

‘घाबरण्यासारखे काय आहे त्यात?’ असे म्हणू नये. ‘भीती वाटते आहे हे मला कळते, आपण एवढेच करून पाहू,’ असे म्हणावे. भावंडांशी तुलना आणि पाहुण्यांसमोर तक्रार टाळावी.

राजधानी परिसरात विशेष लक्ष द्यावे

घरी मराठी, गल्लीत हिंदी आणि शाळेत इंग्रजी अशा तीन भाषांत वावरणारे मूल कधी कधी केवळ भाषा न समजल्यामुळे लक्ष देत नाही असे वाटते. बदलीमुळे नुकतेच आलेल्या मुलाबाबत हे अधिक संभवते. घरची भाषा कोणती व दिल्लीत येऊन किती काळ झाला, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. डोळे व कान यांचीही तपासणी करून घ्यावी.

प्रदूषणामुळे नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्लीतील शाळांचे प्रत्यक्ष वर्ग थांबवून ऑनलाइन घ्यावे लागले. अशा काळात दिनक्रम मोडतो आणि दोन्ही अडचणी वाढतात. घरीही उठणे, जेवण व अभ्यास यांच्या वेळा त्याच ठेवाव्यात. बाहेर खेळणे शक्य नसल्यास घरात दोरीउड्या किंवा सूर्यनमस्कार घ्यावेत.

उपचार

६ वर्षांखालील मुलांसाठी पालकांचे प्रशिक्षण हा पहिला उपचार आहे. त्यापुढील वयात गरजेनुसार औषध दिले जाते. चिंतेसाठी समुपदेशनात्मक उपचार प्रभावी ठरतात. एडीएचडीच्या काही औषधांनी भूक व झोप कमी होऊ शकते. म्हणून वजन, उंची, नाडी व रक्तदाब यांची नियमित तपासणी करावी. औषध स्वतःहून सुरू, बंद किंवा कमीजास्त करू नये.

शाळेशी बोलताना

वर्गशिक्षकांना भेटून पुढची जागा, लेखी सूचना व लहान भागांत गृहपाठ यांसाठी विनंती करावी. ६ ते १४ वयोगटातील मुलांना शाळेत शारीरिक शिक्षा किंवा मानसिक छळ करण्यास शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार मनाई आहे.

मदत कोठे मिळेल?

• टेली मानस : १४४१६. ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असून ती विनामूल्य, चोवीस तास आणि मराठीसह अनेक भाषांत मिळते.
• दिल्लीत अन्सारी नगर येथील एम्स, दिलशाद गार्डन येथील इहबास व डॉ. राममनोहर लोहिया रुग्णालय येथील मनोविकार विभाग.
• राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र. १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी असलेल्या या कार्यक्रमाच्या तपासणीत एडीएचडीचाही समावेश आहे.

विलंब करू नये

मूल मरणाची भाषा करीत असेल किंवा स्वतःला इजा करीत असेल, तर त्याला एकटे सोडू नये. त्वरित १४४१६ वर किंवा तातडीच्या प्रसंगी ११२ वर संपर्क साधावा. शाळेत जाणे पूर्णपणे थांबले असेल अथवा खाणेपिणे व झोप फार कमी झाली असेल, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटावे.

सतत सांभाळ करणारे आईवडीलही थकतात. घरातील इतरांनी त्यांना दोष न देता रोज थोडा वेळ मुलाची जबाबदारी घ्यावी. पालकांनी स्वतःसाठी सल्ला घेण्यास संकोच करू नये. टेली मानसची सेवा त्यांच्यासाठीही आहे.