कारला ‘कोन फिल्टर’ बसवताय? आधी पिकअप मोजा, मग पैसे मोजा

तालुक्याच्या गॅरेजमध्ये स्विफ्ट, वॅगनआरसारख्या छोट्या पेट्रोल गाड्यांना बाहेरचा ‘कोन फिल्टर’ बसवून घेणारे तरुण आता दिसू लागले आहेत. कंपनीचा फिल्टरचा डबा काढायचा आणि त्या जागी शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर लावायचा. पिकअप वाढतो, अ‍ॅव्हरेज सुधारतं, असं सांगितलं जातं. पण गावाकडच्या धुरळ्यात हा सौदा परवडतो का?

हवेचं गणित

1 किलो पेट्रोल नीट जळायला साधारण 14.7 किलो हवा लागते. जास्त हवा आत गेली तर ताकद वाढते, हे खरं. पण रोज गाडी चालवताना अ‍ॅक्सिलरेटर अर्धवटच दाबलेला असतो. तेव्हा हवा अडते ती थ्रॉटलच्या झडपेपाशी, फिल्टरपाशी नाही. म्हणून अ‍ॅव्हरेजमध्ये फारसा फरक पडत नाही.

कंपनीचा डबा बहुतेक गाड्यांत पुढच्या बाजूने बाहेरची हवा घेतो. उघडा कोन मात्र बोनेटखालची तापलेली हवा ओढतो. हवा 10 अंशांनी तापली की सुमारे 3 टक्के विरळ होते, म्हणजे ताकद उलट कमीही होऊ शकते. मग गाडी पळाल्यासारखी का वाटते? डबा निघाल्यावर हवा ओढण्याचा आवाज वाढतो, म्हणून.

बसवताना

इंजिन थंड असावं, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली असावी. सेन्सरचं सॉकेट खटका दाबून काढावं, वायर ओढू नये. काम चालू असताना पाइपचं तोंड स्वच्छ फडक्याने झाकावं आणि जोडणीआधी फडकं आठवणीने काढावं. फिल्टरच्या पुढच्या जोडात फट राहिली, तर धूळ न गाळता थेट इंजिनात जाते. म्हणून क्लॅम्प घट्ट हवेत.

चाचणी कशी करावी?

तुलना नव्या कागदी फिल्टरशीच करावी. चोंदलेल्या जुन्या फिल्टरपुढे कुठलाही नवा फिल्टर चांगलाच वाटणार. मोकळ्या, सरळ रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये 40 वरून 80 ला जायला किती सेकंद लागतात, ते शेजारी बसलेल्याने मोबाइलवर मोजावं. एसी बंद, माणसं तीच, वेळ तीच. येताना-जाताना तीन-तीन वेळा मोजून सरासरी काढावी. मग कोन लावून तेच करावं. अ‍ॅव्हरेज टाकी फुल ते टाकी फुल असंच काढावं.

500 किलोमीटरनंतर कोनच्या पुढचा पाइप काढून आतून पांढरं फडकं फिरवावं. फडक्यावर माती आली तर कोन त्याच दिवशी उतरवावा. ही बारीक धूळ पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर घासते. पुढे गाडी ऑइल खाते, निळा धूर येतो आणि इंजिनकामाचा खर्च फिल्टरच्या कितीतरी पट होतो.

थंड हवेसाठी काही जण पाइप खाली बंपरपर्यंत नेतात. पावसाळ्यात फरशी पुलावरच्या पाण्यात तो घातक ठरतो. पाणी हवेसारखं दाबलं जात नाही, त्यामुळे ते इंजिनात शिरलं की कनेक्टिंग रॉड वाकतो.

गाडी वॉरंटीत असेल तर आधी सर्व्हिस सेंटरला विचारावं. कंपनीचा डबा भंगारात देऊ नये. कच्च्या रस्त्यावरच्या गाडीचा कागदी फिल्टर सर्व्हिस बुकात दिलेल्या मुदतीआधीच तपासून बदलला, तरी दमलेल्या गाडीला बराच जीव येतो.